डिझेल पिकअपचा दाब का पडतो? पंप बदलण्यापूर्वी हे तपासा

रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालेली डिझेल पिकअप सपाट रस्त्यावर ठीक धावते; पण आंबा घाटाची चढण लागली की गाडी ओढत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, इंजिनचा पिवळा दिवा लागतो, कधी गाडी मध्येच बंद पडते. माल नाशवंत, भाडे ठरलेले आणि गाडीचा हप्ता डोक्यावर. अशा वेळी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, 'पी ००८७' हा कोड दिसतो आणि लगेच निदान होते: "पंप गेला." हजारो रुपये खर्चून पंप बदलला जातो आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहते.

आपल्या समाजातील कितीतरी तरुण मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आहेत आणि कितीतरी व्यापारी बांधवांची रोजी अशाच पिकअपवर चालते. म्हणून हा दोष कसा शोधावा, याची क्रमवार माहिती येथे देत आहोत.

कोड काय सांगतो?

'पी ००८७' याचा अर्थ एवढाच की, रेलमधील इंधनाचा दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. ते शोधणे कारागिराचे काम आहे.

कॉमन रेल पद्धत प्रवासी मोटारींत १९९७ पासून आली. आता नव्या डिझेल पिकअपमध्ये हीच पद्धत आहे. यात डिझेलचा मार्ग असा: टाकी, टाकीतील जाळी, पाइप, पाणी वेगळे करणारा फिल्टर, फीड पंप, हाय प्रेशर पंप, रेल आणि शेवटी इंजेक्टर. उरलेले डिझेल रिटर्न पाइपने परत जाते. काही गाड्यांत फीड पंप टाकीत असतो व विजेवर चालतो. काहींत तो हाय प्रेशर पंपालाच जोडलेला असतो आणि टाकीतून डिझेल ओढून घेतो. आपल्यासमोरची गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे. कंपनीच्या मॅन्युअलमधील दाबाचे आकडे जवळ ठेवावेत.

तपासणीचा क्रम

नियम एकच: टाकीपासून इंजिनकडे जावे आणि स्वस्त वस्तूपासून महाग वस्तूकडे.

१) आधी चालकाला विचारा. त्रास केव्हा होतो? सकाळी सुरू करताना, चढावर, की टाकीत डिझेल कमी असताना? फिल्टर केव्हा बदलला? शेवटचे डिझेल कोठे भरले? निम्मे निदान या उत्तरांतच असते.

२) टाकी पाहा. झाकणाचा हवा घेण्याचा मार्ग कचऱ्याने बंद झाला की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल मिळत नाही. त्रास होत असताना झाकण सैल करून पाहावे. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष झाकणात आहे. टाकीतील जाळी गाळाने भरली असेल तर ती साफ करावी.

३) फिल्टर पाहा. खालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाणी असेल तर ते तळाशी बसते. फिल्टरची मुदत संपली असेल तर तो बदलूनच पुढे जावे. नवा फिल्टर बसवताना त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडातून डिझेल ओतू नये. ते न गाळता थेट पंपात जाते. हात पंपाने हवा काढावी.

४) हवा शोधा. ओढून घेणाऱ्या पद्धतीच्या गाडीत हा दोष नेहमी फसवतो. पंपाच्या अलीकडच्या पाइपला चीर असेल तर बंद गाडीतून डिझेल गळेलच असे नाही. पण चालू गाडीत तेथून हवा आत शिरते. फिल्टरच्या पुढे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडावी. तीत बुडबुडे सतत दिसले तर रबरी पाइप, क्लिपा, तांब्याचे वॉशर आणि फिल्टरचे रबर तपासावे. आणखी एक सोपी परीक्षा आहे. अशाच गाडीत उभ्या उभ्या पंपाला स्वच्छ कॅनमधून, मध्ये नवा फिल्टर ठेवून डिझेल द्यावे. दाब ठीक झाला, तर दोष टाकी, पाइप किंवा जुना फिल्टर यांपैकीच कशात तरी आहे; पंपाला हात लावण्याचे कारण नाही.

५) विजेचा फीड पंप तपासा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर प्रथम फ्यूज, रिले आणि अर्थिंग पाहावे. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर जवळजवळ बॅटरीइतकेच व्होल्ट मिळाले पाहिजेत. गंजलेल्या वायरमुळे चांगला पंपही कमी दाब देतो. गेज लावून दाब फक्त आयडलवर पाहू नये, गाडीवर भार असतानाही पाहावा.

६) सेन्सर पाहा. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि चावी चालू करून स्कॅनरवर रेलचा दाब वाचावा. तो शून्याच्या आसपास असला पाहिजे. तसा नसेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलत आहे. नंतर गाडी चालवून 'हवा असलेला' व 'प्रत्यक्ष' दाब शेजारी शेजारी पाहावेत. कोणत्या क्षणी त्यांत फरक पडतो, हे लिहून ठेवावे.

७) इंजेक्टरचा रिटर्न मोजा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी बाटली लावून इंजिन थोडा वेळ चालवावे. एक बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली, तर तो इंजेक्टर झिजला आहे आणि दाब तेथून निघून जात आहे. रेलवरचा व्हॉल्व्ह गळत नाही ना, हेही पाहावे.

८) हे सर्व ठीक निघाले, तरच हाय प्रेशर पंपाकडे वळावे. फिल्टरमध्ये किंवा पंपाच्या व्हॉल्व्हवर धातूचा चमकदार चुरा दिसला तर पंप आतून झिजला आहे. तेव्हा नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, पाइप, रेल आणि इंजेक्टर साफ करून तपासावे लागतात. नाहीतर तोच चुरा नवा पंपही खातो.

जिवाची काळजी

जुन्या इंजिनात चालू गाडीवर नोझलचे नट सैल करून बंद सिलिंडर शोधण्याची सवय अनेक उस्तादांना आहे. कॉमन रेलमध्ये हे कदापि करू नये. येथे दाब एक हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी त्याच वेळी रुग्णालयात जावे. उशीर झाला तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. शागीर्दांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी.

गाडीमालकांसाठी

कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपाला बहुधा डिझेलचेच वंगण मिळते. म्हणून टाकी कोरडी पडू देऊ नये. स्वस्त म्हणून रॉकेल मिसळलेले डिझेल घेऊ नये. त्यात वंगण कमी असते. फिल्टर वेळेवर बदलावा आणि पावसाळ्यात त्यातील पाणी वरचेवर काढावे. फिल्टरला लागतात काही शे रुपये. पंप आणि इंजेक्टर मिळून हजारोंच्या घरात जातात.

धंदा आणि अमानत

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. आत हात घातला तर खालचे धान्य ओले लागले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. गॅरेजमध्येही ग्राहकाला आतले दिसत नसते. तो चावी आपल्या हाती देतो, ती अमानत आहे. दोष फुटक्या पाइपमध्ये असताना पंपाचे बिल लावणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच होय. न तपासता अंदाजाने पंप बदलणेही त्यापासून फार दूर नाही.

म्हणून काय तपासले व काय आढळले, हे बिलावर लिहावे आणि काढलेला जुना भाग ग्राहकाला दाखवावा. तपासणीचा वेगळा मेहनताना आधीच सांगून घ्यावा; तो हक्काचा आहे आणि त्यात संकोच नसावा. पाइपच्या एका क्लिपने गाडी दुरुस्त झाली, तर तसे मोकळेपणाने सांगावे. त्या दिवशी कमाई कमी होईल. पण तोच चालक उद्या स्टँडवरच्या चार गाड्या घेऊन आपल्या दारी येईल, इन्शाअल्लाह.