वाकळ शिवण्याचे प्राथमिक साहित्य : हस्तोद्योगाचा एक पाठ



इतरत्र जिला गोधडी म्हणतात, तिला आपल्या सातारा-सांगलीकडे वाकळ म्हणतात. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. तथापि माणच्या घरातील वाकळ आणि आटपाडीच्या घरातील वाकळ यांत फरक करणे आजही कठीण आहे. इतका परिचित उद्योग शाळेत मात्र क्वचितच येतो. तो कसा आणावा आणि त्यास कोणते साहित्य लागते, याचा विचार या पाठात केला आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. मी वर्गशिक्षक असताना शिवणकामाच्या पाठासाठी प्रत्येक मुलाने सुई, दोऱ्याचे रीळ, कात्री व मीटरभर नवे कापड आणावे, अशी यादी फळ्यावर लिहून दिली. दुसऱ्या दिवशी चार मुले शाळेत आली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांपैकी एका मुलीच्या घरी गेलो. तिची आजी ओसरीवर जुन्या लुगड्याची वाकळ शिवीत बसली होती आणि मुलगी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. मला पाहताच आजीने हातातील सुई पुढे केली व विचारले, “गुरुजी, ही सुई न्हाई का चालायची?” जे शिकविण्यासाठी मी यादी दिली होती, ते त्या घरात चालूच होते, माझ्या यादीने फक्त मुलीला शाळेबाहेर ठेवले होते. तेव्हापासून एक नियम पाळतो. साहित्याची यादी बाजारापासून नव्हे, मुलाच्या घरापासून सुरू करावी. जे विकत घ्यावे लागते, ते शाळेच्या सामाईक पेटीत असावे.

१. घरून आणावयाचे साहित्य

जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड हे मुख्य साहित्य होय. लुगडे, धोतर, सदरा, चादर यांपैकी काहीही चालते. कापड धुऊन, खळ पूर्ण काढून, उन्हात वाळवावे. खळीच्या कापडातून सुई सहज जात नाही. गुंड्या, हूक व जाड शिवणी काढून टाकाव्यात. वरच्या थरास नवे कापड घ्यावयाचे असल्यास ते आधी भिजवून वाळवावे. अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटते व वाकळेस चुण्या पडतात.

आजकाल घरोघरी पॉलिएस्टरचे कापड अधिक आढळते. ते घाम शोषीत नाही व थरांत निसटते. ओळख पटत नसेल, तर शिक्षकांनी स्वतः, मुलांना दूर ठेवून, एक धागा जाळून पाहावा. सुती धाग्यास जळक्या कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आखडून त्याची कठीण गुठळी होते. ज्या मुलाच्या घरी जुने कापडही शिल्लक नसेल, त्याच्यासाठी गावच्या शिंप्याकडील कात्रणे आधीच आणून ठेवावीत. कोणाचे कापड कोणत्या घरचे, याची वर्गात चर्चा होऊ देऊ नये.

२. शाळेच्या पेटीतील साहित्य

सुई : लांब, मजबूत व मोठ्या नेढ्याची असावी. हातशिवणीच्या सुयांत क्रमांक लहान तितकी सुई जाड असते. पोते शिवण्याचा दाभण वापरू नये. त्याने कापडास भोके पडतात.

दोरा : जाड, पक्क्या रंगाचा सुती. एका वेळी हातभर दोराच ओवावा. लांब दोऱ्यास गाठी पडतात. मेणावरून ओढून घेतल्यास तो गुंतत नाही.

अंगुस्तान : मधल्या बोटासाठी. अनेक थरांतून सुई ढकलताना याची गरज पहिल्याच दिवशी कळते.

कात्री : पाच मुलांमागे एक पुरे.

टाचण्या घेऊ नयेत. त्या गंजतात, हरवतात व पायांत जातात. थर जागीच राहण्यासाठी लांब कच्चे टाके घालावेत. आखणीस फळ्याचा खडू व सुतळी पुरेशी आहे.

३. पाठाची मांडणी (इयत्ता ५ वी ते ७ वी)

पूर्ण वाकळ प्रथम घेऊ नये. ४० सेंटिमीटर चौरस बसकर शिवावे. झाडलेल्या पडवीत खालचे कापड पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. त्यावर जुन्या कापडाचे तीन-चार थर व शेवटी वरचे कापड अंथरावे. मध्यापासून कडेकडे हात फिरवून चुण्या काढाव्यात, कच्चे टाके घालावेत व कडा आत दुमडाव्यात. नंतर कडेपासून आत, दोन-दोन सेंटिमीटर अंतराने, धावदोऱ्याचे चौकोनी फेरे घालावेत. मुलगे व मुली दोघांनीही हे काम करावे.

४. गणिताशी समवाय

बसकराच्या बाहेरील फेऱ्याची लांबी १६० सेंटिमीटर. पुढील प्रत्येक फेरा १६ सेंटिमीटरने कमी. दहा फेऱ्यांची बेरीज ८८० सेंटिमीटर. थरांच्या जाडीत व गाठींत जाणारा दोरा धरून प्रत्येकी सुमारे ११ मीटर दोरा लागेल. हीच रीत १८० × १२० सेंटिमीटरच्या वाकळेस लावल्यास शिवण सुमारे ११० मीटर भरते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला, तर अकरा हजार टाके होतात. हा हिशेब मुलांनी स्वतः करावा. आई-आजीच्या कामाची किंमत त्यांना यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

५. दक्षता

तासाच्या आरंभी व शेवटी सुया मोजाव्यात. एकही कमी असल्यास ती सापडेपर्यंत वर्ग सोडू नये. त्याच पडवीत लहान मुले अनवाणी फिरतात. सुई तोंडात धरू देऊ नये. गंजलेली सुई खोल टोचल्यास जखम साबणाने धुऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

६. समारोप

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. त्याचा प्रयोग करण्यास मोठा खर्च लागतो असे नाही. पहिल्या पाठास गावातील एखाद्या जाणत्या आजीस सन्मानाने बोलवावे, खुर्ची द्यावी आणि शिक्षकांनी मुलांच्या रांगेत बसून पहिला टाका तिच्याकडून शिकावा. ज्या मुलाच्या घरी विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्या घरी शिकविण्याजोगे काही असते, हे त्या दिवशी सर्व वर्गास दिसेल.

स्वाध्याय : आपल्या वर्गातील पटसंख्येनुसार सुया, अंगुस्ताने, कात्र्या व दोरा यांची मागणी तयार करावी, आणि गावातील वाकळ शिवणाऱ्या स्त्रियांना भेटून त्यांच्या टाक्यांची व साधनांची स्थानिक नावे टाचणवहीत नोंदवावीत.