सर्वांसाठी एकच वाट

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात मोडनिंब हे गाव आहे. तेथील टपालपेटीत टाकलेले साधे पत्र जवळच्या पंढरपूरला जावयाचे असो की दूरच्या गुवाहाटीला, त्यास तिकीट सारखेच लागते. पत्र सावकाराचे आहे की शाळकरी मुलाचे, याची चौकशी टपालखाते करीत नाही. इंटरनेटवरील मजकुरासही हाच न्याय लागावा, म्हणून २०१५ साली भारतातील लक्षावधी सामान्य माणसांनी लढा दिला. त्यात मोर्चे फारसे निघाले नाहीत; लोकांनी पत्रे लिहिली.

ग्राहकाने एकदा पैसे भरले, की त्याने काय वाचावे यात मोबाईल कंपनीने ढवळाढवळ करू नये, असा संकेत रूढ होता. परंतु डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणास वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले. लोक संतापले, तेव्हा तो बेत तिला सोडावा लागला. पुढे २७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, अशा सेवांवर निर्बंध असावेत काय, याविषयी २० प्रश्न जनतेपुढे मांडले. ते ज्या पत्रकात होते, त्याची पृष्ठे शंभरांहून अधिक, भाषा क्लिष्ट आणि मुदत जेमतेम चार आठवड्यांची! तेव्हा काही पत्रकार, वकील व संगणकतज्ज्ञ 'सेव्ह द इंटरनेट' या नावाने एकत्र आले. त्यांनी प्रश्न सोपे करून सांगितले व उत्तरांचा मसुदाही सिद्ध केला. मुंबईच्या काही विनोदी कलावंतांनी चित्रफीत काढून विषय घरोघर पोहोचविला. पाहता पाहता ट्रायकडे दहा लाखांवर ई-पत्रे गेली. ती प्रसिद्ध करताना ट्रायने पाठविणाऱ्यांचे ई-मेल पत्तेही उघड केले, हे मात्र बरे झाले नाही.

खरी कसोटी त्याच वर्षाच्या अखेरीस लागली. फेसबुक कंपनीने 'फ्री बेसिक्स' ही योजना पुढे केली होती. तिच्या अटींत बसणारी काही संकेतस्थळे विशिष्ट मोबाईल कंपनीच्या ग्राहकांस फुकट मिळावयाची होती. कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी वृत्तपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हवामान व बाजारभाव त्यास फुकट कळतात. मग यास विरोध का, असा त्यांचा सवाल होता. गरिबास काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

परंतु मोडनिंबच्या एखाद्या शेतकऱ्याच्या डाळिंबबागेवर तेल्या रोग पडला, अशी कल्पना करावी. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. त्याचे संकेतस्थळ फुकटच्या यादीत नसते, तर तेथे जाण्यास त्या शेतकऱ्याला वेगळे पैसे मोजावे लागले असते. बागेची निगा दाखविणारी चित्रफीत तर त्या योजनेत दिसतच नसे. त्याने काय पाहावे हे ठरविणारा दुसराच कोणी असता, आणि तोही परदेशात बसलेला.

फेसबुकने आपल्या सभासदांकरवी ट्रायकडे लक्षावधी ठराविक संदेश धाडविले. विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे ट्रायने स्पष्ट बजावले. आधीच्या चळवळीचा मजकूरही तयारच होता खरा. पण तो विचारलेल्या प्रश्नांस धरून होता. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. नियम मोडणाऱ्यास दररोज ५० हजार रुपये, कमाल ५० लाख, असा दंड ठेवला. त्याच आठवड्यात 'फ्री बेसिक्स' भारतातून बंद झाली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनी बाजारात उतरली आणि स्पर्धेमुळे इंटरनेटचे दर एकदम कोसळले. स्वस्ताई आली ती अशी, निराळ्याच वाटेने. आणि ती निवडक संकेतस्थळांपुरती नव्हती. २०१८ साली मजकुरात भेदभाव न करण्याची अट सरकारने मोबाईल कंपन्यांच्या परवान्यांतच घातली. तरी वाद मिटलेला नाही. मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी मागणी या कंपन्या त्यानंतरही करीत आल्या आहेत.