आधीं लेखन, मग उभारणी



आपल्या कर्जत तालुक्यांत भिवपुरी येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र आहे. घाटमाथ्यावरून आणलेल्या पाण्याच्या बळावर तेथें सन १९२२ पासून वीज उत्पन्न होत आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यांतील खोपोलीचें केंद्र त्याहूनही जुनें, सन १९१५ चें. हीं केंद्रें उभीं राहिल्यावर मुंबईच्या गिरणीस आपल्याच आवारांत बॉयलर पेटवून शक्ति निर्माण करण्याचें कारण उरलें नाहीं. तार जोडावी, लागेल तेवढी वीज घ्यावी, आणि मापाप्रमाणें पैसे भरावे, इतका तो व्यवहार सोपा झाला.

संगणकाच्या जगांत ज्यास 'क्लाउड' म्हणतात, तें ह्याच जातीचें आहे. नांव मेघाचें असलें तरी आषाढांत माथेरानच्या डोंगरावर उतरणाऱ्या मेघांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. प्रचंड इमारतींत ओळीनें मांडलेलीं तीं संगणक-यंत्रें होत. मायक्रोसॉफ्टनें सन २०१५ मध्यें पुण्यास, अ‍ॅमेझॉननें सन २०१६ मध्यें मुंबईस, आणि गूगलनें सन २०१७ मध्यें मुंबईसच आपला असा विभाग सुरू केला. ज्यास संगणकशक्ति पाहिजे, त्यानें यंत्र विकत न घेतां ती येथून भाड्यानें घ्यावी. आपण फोनवर एखादें अ‍ॅप उघडतों, तेव्हां त्याचें खरें काम बहुधा अशाच एखाद्या दूरच्या इमारतींत चाललेलें असतें.

ह्या लेखांत आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, अशा अ‍ॅपचें 'कॉन्फिगरेशन' पडद्यावर बटणें दाबून न ठरवितां आधीं लिहून कां ठरवावें, आणि तें कसें लिहावें.

कॉन्फिगरेशन म्हणजे काय?

कोणतेंही अ‍ॅप म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांची लांबलचक मालिका. ह्या आज्ञा वारंवार बदलणें कष्टाचें व धोक्याचेंही असतें. म्हणून ज्या गोष्टी बदलण्याचा संभव आहे, त्या शहाणा रचनाकार आज्ञांच्या बाहेर निराळ्या लिहून ठेवितो. शाळेंत घंटा वाजविण्याची रीत ठरलेली असते. परंतु पहिली घंटा किती वाजतां, हें वेळापत्रकांत असतें. उन्हाळ्यांत शाळा सकाळची झाली तर वेळापत्रक बदलतें. शिपायास घंटा वाजविण्यास नव्यानें शिकवावें लागत नाहीं. अ‍ॅपच्या ह्या वेळापत्रकास कॉन्फिगरेशन असें म्हणतात.

ह्याचें सर्वांच्या अनुभवांतील उदाहरण म्हणजे करोनाच्या सांथींतील 'कोविन'. ता. १६ जानेवारी २०२१ रोजीं लसीकरणास आरंभ झाला, तो आरोग्यसेवकांपासून. ता. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्वांस, व ठराविक व्याधी असलेल्या ४५ वर्षांवरील लोकांस, ता. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांस, आणि ता. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली. वयाचा आंकडा असा पायरीपायरीनें खालीं आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या कोविशील्ड लसीच्या दोन मात्रांमधील अंतरही असेंच बदललें: आरंभीं चार ते सहा आठवडे, मार्च २०२१ मध्यें चार ते आठ, आणि ता. १३ मे रोजीं बारा ते सोळा.

हा शेवटचा बदल जाहीर झाल्यावर, ज्यांचे ८४ दिवस भरले नव्हते परंतु ज्यांनीं आधींच वेळ ठरवून ठेविली होती, अशा लोकांस कांहीं केंद्रांवरून परत पाठविलें जात असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हां केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें ता. १६ मे रोजीं खुलासा केला कीं, कोविनमध्यें आवश्यक तो बदल केलेला आहे. यापुढें ८४ दिवसांच्या आंत दुसऱ्या मात्रेची वेळ मिळणार नाहीं. परंतु पूर्वीं ठरलेल्या वेळा रद्द होणार नाहींत. पाहा, ८४ हा केवळ एक आंकडा! परंतु उन्हांतून चालत आलेल्या वृद्ध माणसास आंत घ्यावयाचें कीं दारावरून परत धाडावयाचें, हें त्या आंकड्यावर ठरत होतें. म्हणून असा आंकडा कोणीं, केव्हां व कां बदलला, आणि जुन्या लोकांचें काय करावयाचें, हें स्पष्ट लिहिलेलें असणें हा नुसता कारकुनी नेटकेपणा नव्हे. तें शेजाऱ्याविषयींचें कर्तव्य आहे.

लिखित उभारणी

क्लाउडवर काम करण्याची सोपी दिसणारी रीत म्हणजे पडद्यावर एकामागून एक बटणें दाबीत जाणें. पहिल्या दिवशीं ती खरोखरच सोपी असते. परंतु सहा महिन्यांनीं तेंच काम पुन्हां करावयाचें झालें, तर कोणतीं बटणें दाबलीं होतीं हें कोणास आठवावें? दाबणारा मनुष्य नोकरी सोडून गेला कीं त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर गेलें. दुसरी रीत लेखनाची. काय काय असावें, त्यांचीं नांवें, मापें व परस्परसंबंध एका फाइलींत लिहावे, आणि ती फाइल वाचून संगणकानेंच उभारणी करावी. हिला इंग्रजींत 'इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड' म्हणतात. आम्ही तिला 'लिखित उभारणी' म्हणूं.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस ही कल्पना अगदींच अपरिचित वाटूं नये. निर्गमाच्या पुस्तकांतील निवासमंडपाचें वर्णन पाहा. पडदे दहा, प्रत्येक २८ हात लांब व ४ हात रुंद. अंगण १०० हात लांब व ५० हात रुंद. सर्व मापें काम सुरू होण्यापूर्वींच सांगितलेलीं आहेत. पुढें बसालेल व त्याचे सहकारी तें काम करितात, आणि शेवटीं मोशे झालेलें काम आज्ञेशीं ताडून पाहतो. तो मंडप मुक्कामोमुक्कामीं उतरवून पुन्हां उभारावयाचा होता; मापें ठरलेलीं नसतीं, तर प्रत्येक मुक्कामीं निराळाच मंडप झाला असता. आधीं सांगणें, मग करणें, आणि शेवटीं ताडून पाहणें, हीं लिखित उभारणीचीं तिन्ही अंगें तेथें आहेत.

आज ह्या कामाचीं दोन साधनें विशेष प्रसिद्ध आहेत. अ‍ॅमेझॉनचें 'क्लाउडफॉर्मेशन' सन २०११ पासून आहे. 'टेराफॉर्म' हें हॅशिकॉर्प कंपनीनें सन २०१४ मध्यें काढलें. तें अनेक कंपन्यांच्या क्लाउडवर चालतें. ह्यांत "हें करा, मग तें करा" अशा क्रमवार आज्ञा द्यावयाच्या नसतात. "शेवटीं असें असावें" एवढेंच लिहावयाचें असतें. लिहिलेलें व प्रत्यक्ष असलेलें ह्यांतील फरक साधन स्वतः काढतें. कोणती वस्तु नवी होईल, कोणती बदलेल, कोणती नाहींशी होईल, ह्याची यादी आपणांस आधीं मागून घेतां येते, आणि ती वाचून संमति दिल्यावर मग काम सुरू होतें. मध्यें कांहींच बदललें नसेल, तर तीच फाइल दुसऱ्यांदा दिली असतां साधन स्वस्थ बसतें.

सहा घटक

आतां प्रत्यक्ष लेखनाकडे वळूं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर कॉन्फिगरेशनसाठीं 'अ‍ॅपकॉन्फिग' नांवाची सेवा सन २०१९ पासून आहे. समजा, पोशीर येथील एका शाळेनें पालकांस सूचना देणारें लहानसें अ‍ॅप केलें आहे. पोशीर नदीस पूर आला म्हणजे सुटीची सूचना सकाळीं किती वाजतां जावी, हा आंकडा कॉन्फिगरेशनमध्यें ठेवावयाचा आहे. त्यासाठीं फाइलींत पुढील सहा घटक लिहावे लागतात.

१. अ‍ॅप्लिकेशन. ह्यास केवळ नांव द्यावयाचें: 'शाळा-सूचना'. बाकीच्या गोष्टी ठेवण्याची ही पेटी होय.

२. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कॉन्फिगरेशन जेथें लागू व्हावयाचें तें स्थान. अशीं दोन तरी असावीं: 'चांचणी' व 'प्रत्यक्ष'. ह्या स्थानास धोक्याची घंटा, म्हणजे 'अलार्म', जोडून ठेवितां येते.

३. कॉन्फिगरेशन प्रोफाइल. मजकूर कोठें ठेविला आहे, व तो बरोबर आहे कीं नाहीं हें कसें तपासावें, तें येथें लिहावयाचें. "वेळ ५ ते ९ ह्यांमधलीच असावी" असा नियम येथें घातला, म्हणजे कोणीं चुकून ६ च्या जागीं ६० लिहिलें तर तें पुढें जाण्यापूर्वींच नाकारलें जातें.

४. होस्टेड कॉन्फिगरेशन व्हर्जन, म्हणजे खुद्द मजकुराची आवृत्ति: "सूचनेची वेळ ६". येथें एक खुबी ध्यानांत ठेवावी. मजकूर बदलला कीं क्लाउडफॉर्मेशन नवी आवृत्ति करतें, आणि एरवीं जुनी काढून टाकतें. मागें फिरण्याची वाट मोकळी ठेवावयाची असेल, तर "जुनी आवृत्ति राखावी" ही आज्ञाही फाइलींतच लिहिली पाहिजे.

५. डिप्लॉयमेंट स्ट्रॅटेजी. नवा मजकूर किती वेळांत व किती टक्क्यांनीं पसरावा, ह्याची रीत. उदाहरणार्थ, दर ६ मिनिटांस २० टक्के, म्हणजे ३० मिनिटांत सर्वत्र. आणि त्यानंतर आणखी ३० मिनिटें नुसतें लक्ष ठेवावयाचें.

६. डिप्लॉयमेंट. ह्यांत वरील पांचांचा मेळ घालावयाचा: ह्या अ‍ॅप्लिकेशनच्या, ह्या स्थानांत, ह्या प्रोफाइलची ही आवृत्ति, ह्या रीतीनें न्यावी.

स्थान व प्रोफाइल ह्यांत अ‍ॅप्लिकेशनचा निर्देश असतो, आवृत्तींत प्रोफाइलचा, आणि शेवटच्या घटकांत सर्वांचा. ह्या निर्देशांवरून कोणतें आधीं व कोणतें मागून उभारावें, हें साधन आपलें आपण ओळखतें. लिहिणारानें नातें बरोबर सांगितलें म्हणजे क्रम आपोआप जुळतो.

हळूहळू कां?

सहांपैकीं पांचव्या घटकाचें महत्त्व एका खऱ्या घटनेवरून समजेल. ता. १९ जुलै २०२४ रोजीं, आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं पावणेदहाच्या सुमारास, संगणकांचें रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीनें विंडोज-संगणकांसाठीं कॉन्फिगरेशनची एक फाइल पाठविली. तींत दोष होता. कंपनीनें ७८ मिनिटांत ती मागें घेतली. परंतु तेवढ्यांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला होता. आपल्या देशांतील विमानतळांवरही उतारूंस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोषी फाइल टप्प्याटप्प्यानें न जातां सर्वत्र एकदम गेली, म्हणून अनर्थ एवढा वाढला. असे बदल यापुढें टप्प्यांनीं पाठवूं, असें मागाहून कंपनीनेंच जाहीर केलें.

हें शहाणपण आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. कर्जतच्या संशोधन केंद्रानें 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशा भाताच्या जाती दिल्या. परंतु नवी जात प्रथमच लावणारा सावध शेतकरी सगळ्या खाचरांत तीच लावीत नाहीं. एका खाचरांत लावून लोंबी कशी भरते तें पाहतो, आणि मग पुढच्या वर्षीं वाढवितो. अ‍ॅपकॉन्फिगमध्येंही प्रथम थोड्या यंत्रांस नवा मजकूर मिळतो. तेवढ्यांत धोक्याची घंटा वाजली, तर सर्वांस पूर्वीचा मजकूर आपोआप परत दिला जातो.

सावधगिरीच्या गोष्टी

लिखित उभारणी केली म्हणजे सर्व निर्धास्त झालें, असें मात्र समजूं नये. फाइलींतील एका घटकाचा मजकूर पुसला गेला, तर तो आतां नको आहे असें साधन समजतें, व तो घटक काढून टाकतें. म्हणून यादी न वाचतां संमति देणारा मनुष्य न वाचतां कागदावर सही करणाराइतकाच धोक्यांत असतो. दुसरें, पासवर्ड फाइलींत कधींही लिहूं नयेत. त्यांसाठीं निराळी तिजोरी असते, आणि फाइलींत तिचा केवळ निर्देश करावा. तिसरें, घाईंत कोणीं पडद्यावर जाऊन हातानें बदल केला, तर फाइल एक सांगते आणि वस्तुस्थिति दुसरीच असते. ही तफावत शोधण्याची सोय क्लाउडफॉर्मेशनमध्यें सन २०१८ पासून आहे. पण मुळांत ती पडूं न देणें हेंच बरें.

ह्या फाइली 'गिट' नांवाच्या दप्तरांत ठेवितात. लिनस टोर्वाल्ड्स ह्यांनीं तें सन २००५ मध्यें तयार केलें. कोणती ओळ कोणीं, केव्हां बदलली हें त्यांत राहतें, आणि लिहिणारानें मन लावून लिहिलें तर कां बदलली हेंही. एकानें लिहावें, दुसऱ्यानें वाचावें, आणि दोघांचें मत जुळल्यावर मगच तें क्लाउडवर जावें, अशी चांगल्या ठिकाणीं शिस्त असते.

पालकांस आमची एक विनंति आहे. ही विद्या शहरांतील महागड्या वर्गांतच मिळते असें मानूं नये. टेराफॉर्म व गिट हीं दोन्ही साधनें विनामूल्य मिळतात. त्यांहून अवघड गोष्ट म्हणजे मनांतील हेतु दुसऱ्यास नेमका कळेल असा लिहिणें, आणि दुसऱ्याचें लिहिणें शेवटच्या ओळीपर्यंत वाचणें. मुलगा किंवा मुलगी निबंधाची वही घेऊन बसली असतां तो वेळ वाया जातो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

विद्यार्थ्यांसाठीं एक अभ्यास देऊन हा पाठ पुरा करितों. आपल्या वर्गाच्या एका दिवसाची सर्व व्यवस्था एका पानावर लिहा: घंटा, हजेरी, पाणी, फळा, किल्ल्या, कोणाचें काम कोणाच्या मागून. "असें असावें" ह्याच रीतीनें लिहा. मग तें पान दुसऱ्या वर्गांतील मुलास द्या, आणि तुम्हांस एकही प्रश्न न विचारतां त्यास तो दिवस चालवितां येतो कीं नाहीं तें पाहा. जेथें त्यास अडखळावें लागेल, तेथें पुन्हां लिहा.