भाड्याचं घर, दिवाळी आणि सासूबाई

प्रश्न : बदलापूरला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. मालकांनी खिळा ठोकायला मनाई केली आहे. आम्ही दोघंही लोकलने नोकरीला जातो, मुलाला सासूबाई सांभाळतात. यंदा दिवाळीत साधी सजावट करून त्यांचे आभार मानायचे आहेत. काय करावं?

उत्तर : चिकटणारे हुक लावू नका, काढताना डिस्टेंपरचा पापुद्रा निघतो आणि डिपॉझिटवरून वाद होतो. तोरण सेफ्टी डोअरच्या जाळीलाच बांधा. त्यात झेंडू कमी, आंब्याची पानं जास्त ठेवा. झेंडू दमटपणाने कुजतो, पानं सुकली तरी शोभतात. थर्माकोलच्या मखरांवर तर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. त्याऐवजी पडद्याच्या दांडीवर सासूबाईंची जुनी काठापदराची साडी सोडा, मात्र त्यांना विचारून!

आता आभार. नरकचतुर्दशीला घरातली बाई सगळ्यांना तेल-उटणं लावते आणि स्वतः शेवटी घाईत आंघोळ उरकते. यंदा पहिला पाट सासूबाईंचा. पाटाभोवती गेरूवर रांगोळी काढा, तेल तुमच्या यजमानांनी लावावं, नातवाने ओवाळावं. भाषण नको, त्या संकोचतील. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीशेजारी त्यांचं पोळपाट-लाटणंही ठेवून हळदकुंकू वाहा. शेजारच्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबं दिवाळीत मातीची हटडी पुजतात, म्हणजे पोट भरणारं दुकानच. तुमच्याकडे तो मान लाटण्याचा.

फराळ मात्र यंदा विकतचा आणा.