शालिग्राम शिळा : ओळख आणि वर्गीकरण

विष्णुपंचायतनात मध्यस्थानी विराजमान होणारा आणि कार्तिकातील तुलसीविवाहात वर म्हणून चौरंगावर येणारा शालिग्राम महाराष्ट्रातील असंख्य देवघरांत पिढ्यानपिढ्या पूजिला जात आहे. पूजा नित्याची असली, तरी ही शिळा कोठून आली, तिच्यावरील चक्र कसे उमटले व तिला कोणत्या नावाने ओळखावे, हे सांगणारी वडीलधारी मंडळी आता घरोघरी राहिलेली नाहीत. त्यामुळे वारशाने आलेला शालिग्राम खरा की खोटा, अशा शंकेने काही कुटुंबे तो नदीत सोडून देतात. तर काही भाविक तीर्थक्षेत्री मोठी रक्कम मोजून कारागिराने कोरलेला दगड घरी आणतात. दोन्ही प्रकारांत हानी होते ती अज्ञानामुळे. याकरिता परंपरेने केलेले वर्गीकरण आणि जीवाश्मशास्त्राने दिलेली माहिती येथे एकत्र दिली आहे.

शालिग्रामाचे मूळ स्थान नेपाळमधील काली गंडकी नदी होय. मुस्तांग प्रदेशात उगम पावणारी ही नदी धवलगिरी व अन्नपूर्णा या दोन महापर्वतांच्या मधून वाट काढते, पुढे नारायणी म्हणून ओळखली जाते आणि बिहारमध्ये सोनपूर-हाजीपूरजवळ गंगेस मिळते. दामोदरकुंड, सुमारे ३,७०० मीटर उंचीवरील मुक्तिनाथ आणि कागबेनी ही या खोऱ्यातील प्रमुख पुण्यस्थाने. नदीच्या वरच्या भागात काळ्या, ठिसूळ, पापुद्र्यांच्या खडकाचे थर आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पीती खोऱ्यात याच थरांचा प्रथम तपशीलवार अभ्यास झाल्याने भूवैज्ञानिक त्यांना ‘स्पीती शेल’ म्हणतात. व्हिएन्नाचे भूवैज्ञानिक व्हिक्टर उलिग यांनी या थरांतील प्राण्यांवर लिहिलेला ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९०३ ते १९१० या काळात खंडशः प्रसिद्ध केला.

हे थर सुमारे १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे मुख्यतः ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धातील आहेत. त्या वेळी हिमालय नव्हता. त्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता. या समुद्रात अमोनाइट नावाचे शंखधारी प्राणी विहार करीत. शंखात राहत असले तरी ते गोगलगायीच्या कुळातील नव्हेत. माकूळ, अष्टपाद व नॉटिलस हे त्यांचे नातलग. प्राणी मेल्यावर शंख तळाच्या काळ्या चिखलात रुतला. त्याच्याभोवती क्षार साठून चिखलाचाच एक टणक गोळा बनला आणि भोवतालचा चिखल पापुद्र्यांचा खडक झाला. पुढे भारतीय भूखंड आशियावर आदळून हिमालय उंचावला व समुद्राचा तळ पर्वताच्या कुशीत गेला. ठिसूळ खडक झिजतो, टणक गोळा टिकतो. नदी त्याला सोडवते, घोळवते व गुळगुळीत करते. तोच शालिग्राम.

अमोनाइट ओळखण्याची मुख्य खूण त्याच्या वाढीत आहे. प्राणी वाढे तसा शंखाचा बाहेरचा भाग रुंद होत जाई व मागील रिकाम्या भागात आडवे पडदे घालून कप्पे तयार होत. या कप्प्यांतील वायूमुळे प्राण्यास पाण्यात तरंगता येई. पडदा शंखाच्या भिंतीस जेथे मिळतो, तेथे एक रेषा उमटते. ज्युरासिक काळातील बहुतेक अमोनाइटांत ही रेषा पानाच्या कातरलेल्या कडेसारखी अतिशय नागमोडी असते. शास्त्रीय वर्गीकरणात या रेषेस मोठे महत्त्व आहे. त्याखेरीज आतील वेटोळी किती उघडी दिसतात, मधली नाभी रुंद आहे की अरुंद, कंगोरे सरळ जातात की मध्येच दुभंगतात आणि बाहेरील पाठ गोल आहे, धारदार आहे की तिच्यावर पन्हाळी आहे, हे पाहिले जाते. स्पीती शेलमधील पेरिस्फिंक्टीस कुळातील अमोनाइटांची नाभी रुंद असून कंगोरे बाहेरच्या बाजूस दुभंगतात. त्याच थरांतील ब्लॅनफोर्डिसेरास या अमोनाइटाच्या पाठीवर कंगोरे खंडित होऊन मध्ये पन्हाळी दिसते. याच खडकात बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार, लांबट दगडही मिळतात. ते बेलेम्नाइट या वेगळ्या प्राण्याचे अवशेष होत.

परंपरेचे वर्गीकरण निराळ्या खुणांवर उभे आहे : चक्रांची संख्या, द्वार म्हणजे शिळेचे मुख, वनमालेची रेषा, आकार आणि वर्ण. ब्रह्मवैवर्त पुराणानुसार एक द्वार, चार चक्रे, वनमाला व मेघश्याम वर्ण असेल तो लक्ष्मीनारायण. वनमाला नसेल तर लक्ष्मीजनार्दन. अतिशय लहान, दोन चक्रांचा तो वामन. मुख विस्तीर्ण व उग्र असेल तो नरसिंह. त्यालाच वनमाला असेल तर लक्ष्मीनरसिंह, आणि तो गृहस्थाश्रमी माणसास शुभ मानला आहे. एका चक्राचा सुदर्शन, अनेक चक्रांचा अनंत. कासवाच्या पाठीसारखा कूर्म व लांबट आकाराचा मत्स्य हे केवळ आकारावरूनही ओळखू येतात. सोनेरी झाक असलेल्या शिळेस हिरण्यगर्भ म्हणतात. ही झाक बहुधा पायराइट या लोह व गंधकयुक्त खनिजाची असते. ती सोन्याची नव्हे, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

दोन्ही वर्गीकरणे एकमेकांवर तंतोतंत बसवू नयेत. एकाच जातीचा अमोनाइट एका शिळेत पूर्ण झाकलेला, दुसरीत अर्धा उघडा व तिसरीत केवळ ठशाच्या रूपाने असू शकतो. परंपरा या तिघांना तीन नावे देईल. शास्त्र त्या प्राण्याचे कूळ शोधते, तर परंपरा त्या शिळेत भगवंताचे कोणते रूप प्रकट झाले ते पाहते. बाहेरून चक्र न दिसणाऱ्या शिळेतही आत शंख असू शकतो. म्हणून अशी शिळा खोटी समजू नये आणि फोडून तर मुळीच पाहू नये.

शंखचूडाची पत्नी तुलसी हिने विष्णूस पाषाण होण्याचा शाप दिला. देवाने तो स्वीकारला आणि गंडकीतीरी आपण शिळारूपाने राहू व वज्रकीट आपल्या दंतांनी तेथे चक्रे कोरतील, असे सांगितले, ही कथा पुराणात येते. महाराष्ट्रात ती वृंदा व जालंधर यांच्या नावाने अधिक परिचित आहे. यावरून पुराणकारांस जीवाश्मशास्त्र अवगत होते असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. मात्र हे चक्र मानवाच्या छिन्नीचे नसून कोणा जिवाशी त्याचा संबंध आहे, ही जाण कथेत निश्चित आहे. अमोनाइट हे नावही एका देवतेवरूनच आले आहे. इजिप्तच्या आमोन देवाच्या मस्तकावरील मेंढ्याच्या शिंगांशी असलेल्या साम्यामुळे या दगडांना आमोनची शिंगे म्हणत. इंग्लंडमधील व्हिटबी येथे सापडणारे ज्युरासिक अमोनाइट म्हणजे संत हिल्डा यांनी पाषाण केलेले सर्प, अशी तेथील लोककथा आहे. तेथील विक्रेते त्यांना सापाचे तोंड कोरून विकत असत! बनावटीची कला कोण्या एका देशाची मिरास नाही.

कोरीव शिळा ओळखण्याचा उपाय वर सांगितलेल्या वाढीतच आहे. अस्सल चक्राचे वेटोळे केंद्राकडून बाहेर येताना क्रमाने रुंदावत जाते; कारागिराचे वेटोळे बहुधा जिलबीसारखे सर्वत्र सारख्या जाडीचे असते. अस्सल कंगोरे हलकेसे वाकलेले, काही दुभंगलेले व झिजेने कोठे पुसट, कोठे ठळक दिसतात. कोरलेल्या रेषा सरळ व एकसारख्या असून भिंगातून पाहता खाचेच्या तळाशी हत्याराचे ओरखडे आढळतात. चक्र म्हणजे वेटोळे. एकात एक बंद वर्तुळे असतील तर तो गोमेदासारखा पट्टेदार दगड असण्याचा संभव अधिक. कृष्णा, भीमा किंवा गोदावरीच्या पात्रातील काळा गोटा गुळगुळीत असला, तरी तो लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या खडकाचा असल्याने त्यात अमोनाइट असू शकत नाही. कच्छ व जैसलमेर येथे ज्युरासिक अमोनाइट विपुल आहेत, परंतु ते गंडकीचे नसल्याने परंपरा त्यांस शालिग्राम म्हणत नाही. द्वारकेची पांढरी, जाळीदार चक्रांकित शिळा प्रवाळाची असून ती शालिग्रामासह पूजिली जाते. तिचे स्थान स्वतंत्र आहे. शालिग्रामाचे मोल करू नये, असे शास्त्रवचन आहे. चमत्काराची हमी देऊन किंमत वाढविणाऱ्यापासून भाविकांनी दूरच राहावे.

घरातील शिळेची काळजी घेणे सोपे आहे. परीक्षेसाठी आम्ल वापरू नये, ब्रशने वा राखेने घासू नये. अभिषेकानंतर शिळा मऊ वस्त्राने पूर्ण कोरडी करावी. पायराइट असलेल्या शिळेबाबत हे विशेष आवश्यक आहे, कारण ओलाव्याने पायराइट विटते, पिवळसर-पांढरी भुकटी सुटते व शिळेस तडे जातात. तडा गेल्यास विसर्जनाची घाई करू नये. इतर मूर्तींप्रमाणे शालिग्रामास भंगदोष मानला जात नाही.

नित्यपूजा शक्य न झाल्याने शालिग्राम मंदिरास अर्पण करू इच्छिणाऱ्या भाविकांनी त्यासोबत एक चिठ्ठी अवश्य द्यावी. शिळा कोणी, कोणत्या यात्रेत व नेमकी कोठून आणली, घरात ती कोणत्या नावाने पूजिली जात असे, हे जेवढे स्मरणात असेल तेवढे त्यात लिहावे. शिळा मिळालेले ठिकाण ठाऊक असल्यास अभ्यासकास अमोनाइटाचे कूळ ठरविणे सुलभ जाते, आणि घरातील नाव ठाऊक असल्यास पुजाऱ्यांना पूर्वीच्याच नावाने संकल्प सोडता येतो. घरातील वृद्धांना विचारून ही नोंद आजच करून ठेवावी व शिळेच्या संपुटातच ठेवावी.