घरचे मूर्तिकाम आणि रंगाची वाफ

प्रश्न : घरीच गणेशमूर्ती रंगवण्याचे काम चालते. रंग फवारताना तोंडाला रुमाल बांधूनही संध्याकाळी डोके दुखते. आणखी जाड रुमाल पुरेल का?
— एक वाचक, रामवाडी, ता. पेण

उत्तर : रुमाल जाड केल्याने विशेष फरक पडत नाही, कारण त्याच्या विणीतून सूक्ष्म कण आत जातात आणि थिनरची, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रावकाची, वाफ मुळीच अडत नाही. ‘एन-९५’ मुखपट्टी ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण रोखते, म्हणून ती घासकामाच्या धुळीसाठी उपयुक्त ठरते. वाफेसाठी मात्र सक्रिय कोळशाची डबी बसवलेला मुखवटा लागतो, आणि ती डबी वेळोवेळी बदलावी लागते. पाण्यात मिसळणारे रंग वापरल्यास आपला त्रास बराच कमी होऊ शकतो, तथापि फवारताना मुखपट्टी तेव्हाही आवश्यकच आहे.

फवारणी हवेशीर पडवीत करावी, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि मूर्ती फिरत्या पाटावर कोपराच्या उंचीला ठेवावी, म्हणजे मान व पाठ आखडत नाही. थिनर ज्वालाग्राही असल्यामुळे तो चुलीपासून आणि मुलांपासून दूर ठेवावा. एवढ्याने बहुधा आराम पडेल. तरीही डोकेदुखी टिकली किंवा दम लागला, तर डॉक्टरांना दाखवावे.