संगणकाच्या पडद्याचा दोष : यंत्राचा की ड्रायव्हरचा?

शाळेतील संगणक बिघडला असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा बहुधा त्याच्या पडद्यावर काहीतरी विपरीत दिसलेले असते. पडदा काळा पडतो, चित्र थरथरते, रंग उडतात, आडव्या-उभ्या रेघा उमटतात किंवा अक्षरे एकाएकी मोठी व फुगलेली दिसू लागतात. यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते कोणास दिसत नाही. पडद्यावरचे मात्र सर्वांस दिसते. त्यामुळे दोष कोठेही असला तरी आळ पडद्यावर येतो. मग यंत्रावर कापड पांघरले जाते व तालुक्याच्या गावाहून माणूस येईपर्यंत ते तसेच पडून राहते. ज्या शाळेत संगणकच एक, तेथे सर्व मुलांची पाळी बुडते.

यात नुकसान दोन प्रकारांनी होते. कित्येकदा दोष केवळ ड्रायव्हरचा किंवा सैल झालेल्या केबलचा असतो आणि शाळा विनाकारण नवा मॉनिटर विकत घेते. याउलट कित्येकदा खरोखरच एखादा भाग निकामी झालेला असतो, आणि दुरुस्ती करणारा सर्व माहिती पुसून विंडोज नव्याने घालतो. मुलांचे काम व शाळेच्या नोंदी जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. औषधापूर्वी निदान करावे हा वैद्याचा नियम येथेही लागू आहे. हे निदान करण्यास पेचकस फारसा लागत नाही. लक्षपूर्वक निरीक्षण व क्रम एवढेच लागते.

चित्र पडद्यापर्यंत कसे येते?

विहिरीचे पाणी वाफ्यात कसे येते हे खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. विहिरीवरची मोटार पाणी उपसते, ते पाटाने वाहते व वाफ्यात पसरते. परंतु एवढ्याने भागत नाही. दारे धरणारा माणूस लागतो. कोणते दार केव्हा फोडावयाचे व कोणते बांधावयाचे हे त्याला कळावे लागते.

संगणकातही असेच आहे. चित्र तयार करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स. तो कधी प्रोसेसरमध्येच असतो, तर कधी वेगळ्या कार्डावर असतो. ही झाली विहीर व मोटार. केबल हा पाट आणि मॉनिटर हा वाफा. ड्रायव्हर ही मात्र हाताने धरता येणारी वस्तू नव्हे. विंडोजची आज्ञा ग्राफिक्सला समजेल अशा भाषेत पोहोचविणारी ती एक आज्ञावली आहे. दारे धरणारा तो हाच. वाफा कोरडा राहिला तर मोटार बंद आहे, पाट फुटला आहे की दारे धरणारा चुकला आहे, हे शेतकरी बांधावरून चालत जाऊन पाहतो. संगणकाच्या बाबतीतही शिक्षकाने तसेच करावे. वाफ्यापासून निघावे आणि विहिरीकडे जावे.

एका वेळी एकच बदल

केबल बदलली, ड्रायव्हर बदलला आणि मॉनिटरही बदलला, दोष गेला. पण तो कशाने गेला? याचे उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा व तो वहीत लिहावा. दोष केव्हा दिसला हेही लिहावे : यंत्र सुरू होताच, की वीस मिनिटांनी? नेहमी, की चलच्चित्र लावल्यावरच? आदल्या दिवशी काही नवीन घातले होते काय? ही टिपणे पुढे दुरुस्ती करणाऱ्यालाही उपयोगी पडतात.

परीक्षेच्या पाच पायऱ्या

(१) मॉनिटरची स्वतःची साक्ष. मॉनिटरच्या कडेला बटणे असतात. ती दाबली म्हणजे उजेड, रंग इत्यादींची एक चौकट पडद्यावर येते. ही चौकट संगणक काढीत नाही. मॉनिटर स्वतःच काढतो. रेघा त्या चौकटीवरूनही जात असतील किंवा चौकटही थरथरत असेल, तर दोष मॉनिटरचा समजावा. चौकट स्वच्छ व मागचे चित्र तेवढे बिघडलेले असेल, तर दोष बहुधा मॉनिटरच्या अलीकडे, केबलमध्ये किंवा संगणकात आहे. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही, एवढा अर्थ घ्यावा. पडदा अगदी काळा दिसत असेल तर त्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. अंधुक चित्र दिसले तर मॉनिटरच्या मागचा प्रकाश गेला आहे. ड्रायव्हरचा त्यात काही संबंध नाही.

(२) केबल. केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा नीट बसवावी. जुन्या व्हीजीए जोडणीत तीन ओळींत पंधरा पिना असतात. त्यांतील पहिल्या तीन अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा रंग वाहतात. पहिली पिन वाकली तर तांबडा रंग नाहीसा होतो आणि सर्व पडद्यावर निळसर-हिरवी छटा येते. ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे तेथे मागील बाजूस जोडणीची दोन ठिकाणे असू शकतात. केबल कार्डाऐवजी मुख्य पाटीच्या जागी खोचली गेली, तर यंत्र चांगले असूनही पडदा कोरा राहतो. सफाईनंतर ही चूक नेहमी घडते.

(३) विंडोज येण्यापूर्वीचे चित्र. यंत्र सुरू होताच निर्मात्याचे चिन्ह दिसते. त्या वेळी एफ-२ किंवा डिलीट यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबली, तर मूळ मांडणीचा पडदा उघडतो. या वेळी विंडोज सुरू झालेले नसते व त्याचा ड्रायव्हरही जागा झालेला नसतो. दोष येथेही दिसला तर ड्रायव्हर निर्दोष ठरतो. या पडद्यावर दहा मिनिटे थांबून निरीक्षण करावे, कोणतीही मांडणी बदलू नये व काही न साठविता बाहेर पडावे.

(४) चित्राचे चित्र. दोष दिसत असताना प्रिंट स्क्रीन ही कळ दाबून पडद्याचे चित्र साठवावे व ते दुसऱ्या यंत्रावर किंवा भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे. हे चित्र संगणकाच्या आत टिपले जाते. केबल व मॉनिटर यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. टिपलेल्या चित्रात रेघा आढळल्या तर दोष संगणकाच्या आत आहे. त्यात रेघा नसतील तर संशय बहुतांशी केबल व मॉनिटर यांच्यावर राहतो. कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिने हा निर्णय होत नाही.

(५) ड्रायव्हरची परीक्षा. वरील चारही पायऱ्यांत दोष सापडला नाही म्हणजे ड्रायव्हरकडे वळावे. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकत्र दाबल्या असता ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन चित्र परत आले व दोष गेला, तर ड्रायव्हरवरील संशय बळावतो. त्यानंतर यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करावे. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे. नंतर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स व स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे व येणाऱ्या यादीतून चार हा आकडा निवडावा. या अवस्थेत विंडोज नेहमीचा ड्रायव्हर बाजूस ठेवून स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. चित्र मोठे दिसेल. त्यास दोष समजू नये.

अर्धी साक्ष

सेफ मोडमध्ये दोष गेला म्हणजे ड्रायव्हरच दोषी, असे म्हणण्याची घाई करू नये. साध्या ड्रायव्हरखाली ग्राफिक्सला फार थोडे काम असते. दुखऱ्या पायाचा माणूस बसला असता धडधाकट दिसतो, तशातलाच हा प्रकार. म्हणून ड्रायव्हर काढून यंत्राच्या निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर पुन्हा घालावा. दोष अद्यतनानंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या सोयीने मागील ड्रायव्हर आणता येतो. एवढ्यावरही दोष राहिला, तर पेनड्राइव्हवरून उबुंटूसारखी दुसरी प्रणाली सुरू करून पाहावी. ती सुरू करताना ‘ट्राय’ हाच पर्याय निवडावा. ‘इन्स्टॉल’ निवडल्यास शाळेची माहिती पुसली जाण्याचा धोका आहे. दोन निराळ्या प्रणालींत, दोन निराळ्या ड्रायव्हरखाली तोच दोष दिसला, तर तो जवळजवळ खात्रीने यंत्राचा आहे.

वीस मिनिटे चांगले चालून नंतर बिघडणारे व थंड झाल्यावर पुन्हा नीट चालणारे यंत्र बहुधा उष्णतेने त्रस्त असते. पंख्यात धूळ साठली आहे काय ते पाहावे. यंत्र सुरू होताना नुसत्या शिट्ट्या वाजतात व पडदा कोरा राहतो, तेव्हा रॅमची पट्टी सैल झाल्याचा संभव असतो.

एक उदाहरण

समजा, एका शाळेतील मॉनिटरवर एके दिवशी अक्षरे फुगलेली दिसू लागली. रेघा नाहीत, थरथर नाही. केवळ पडद्याची सूक्ष्मता १०२४ गुणिले ७६८ वर उतरली व त्याहून वर जाईना. ड्रायव्हर गेला म्हणजे हेच लक्षण दिसते, म्हणून विंडोज नव्याने घालावे असे ठरू लागले. शिक्षकाने आधी डिव्हाइस मॅनेजर उघडला. ड्रायव्हर नसता तर तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ असे नाव दिसले असते. पण ग्राफिक्सचे खरे नाव होते व पिवळी खूणही नव्हती. म्हणजे दारे धरणारा जागेवर होता. मॉनिटरच्या नावाच्या जागी मात्र ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे दिसले. मॉनिटर आपली ओळख केबलमधील वेगळ्या तारांनी संगणकास कळवीत असतो. ती ओळख पोहोचत नव्हती. कार्यालयातील केबल आणून जोडताच चित्र पूर्ववत झाले. मग शिक्षकाने जुनी केबल कार्यालयातील यंत्रास लावली, तो दोष तिकडे गेला. केबलबरोबर दोषाने जागा बदलली, तेव्हाच निदान पुरे झाले. नवी केबल आणावी लागली. विंडोजला हात लागला नाही व मुलांचे सर्व काम सुरक्षित राहिले.

कोणती कामे करू नयेत

यंत्राची पेटी उघडण्यापूर्वी विजेची जोडणी भिंतीतून काढावी व पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी. वीजपुरवठ्याची बंद डबी आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर हे कधीही उघडू नयेत. वीज बंद केल्यावरही त्यांत धोकादायक दाब शिल्लक असतो. प्रणाली नव्याने घालणे हा शेवटचा उपाय होय. तो करण्यापूर्वी सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी.

वर्गात उपयोग

सहावी-सातवीच्या मुलांना या निदानात सहभागी करून घ्यावे. एकाने लक्षण सांगावे, दुसऱ्याने बदल सुचवावा व तिसऱ्याने परिणाम लिहावा. बदल करण्यापूर्वी ‘काय घडेल?’ याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या वहीत नोंदवावा. अंदाज चुकला तरी तो खोडू देऊ नये, कारण चुकलेल्या अंदाजानेही एक शक्यता दूर होते. विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोग, निरीक्षण व अनुमान हे शब्द मुले पाठ करतात. येथे ते त्यांना हाताळावयास मिळतात.

स्वाध्याय

१. मॉनिटरची स्वतःची चौकट स्वच्छ दिसते, परंतु चित्र हिरवट-निळे आहे. प्रथम काय तपासावे व का?

२. निर्मात्याच्या चिन्हावरच उभ्या रेघा दिसतात. ड्रायव्हर बदलण्याचा उपयोग होईल काय?

३. टिपलेल्या चित्रात रेघा नाहीत, पडद्यावर मात्र आहेत. संशय कोणावर राहतो?

४. सेफ मोडमध्ये दोष नाहीसा झाला. एवढ्यावरून निर्णय का देऊ नये? पुढची पायरी कोणती?

५. आपल्या शाळेतील संगणकाची चित्राची वाट आकृतीने दाखवा व प्रत्येक टप्प्यावरील दोषाचे एक लक्षण लिहा.